घोड्याचे पोट दुखते तेव्हा...

घोडा आजारी पडला की एका घराची चूल मंदावते. अशा वेळी धावाधाव करून टोचलेले प्रतिजैविकाचे इंजेक्शन कधी त्याचा प्राण वाचवते, तर कधी तेच त्याचा प्राण घेते. हा फरक कशामुळे पडतो?

लखनौहून हरदोईच्या रस्त्याला लागले की साधारण पंचवीस किलोमीटरवर मलिहाबाद येते. दशहरी आंब्याचे हे माहेरघर. एकाच झाडावर तीनशेहून अधिक जातींची कलमे बांधणारे आणि २००८ मध्ये 'पद्मश्री'ने गौरवले गेलेले हाजी कलीमुल्ला खान इथलेच. शायर जोश मलिहाबादी यांनी तर गावाचे नाव आपल्या नावाशी कायमचे जोडून टाकले. इथल्या आंब्याला काय होते, मोहोर का गळतो, फळ का डागाळते याचा विचार करायला जवळच रहमानखेड्याला केंद्र सरकारची एक आख्खी संशोधन संस्था आहे.

परंतु उत्तर प्रदेशातल्या या आणि अशा पट्ट्यांत आणखी एक कष्टाळू जीव राबत असतो. त्याच्या दुखण्यासाठी इतक्या जवळ कोणी नाही. तो म्हणजे घोडा. वीटभट्टीवर कच्च्या विटा वाहणारा, इक्क्याला किंवा बुग्गीला जुंपलेला, लग्नसराईत नवरदेवाला पाठीवर घेणारा आणि लखनौच्या इमामबाड्यापाशी पर्यटकांना टांग्यातून फिरवणारा. घोड्यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था हरियाणात हिसारला आहे. १९८५ मध्ये ती स्थापन झाली. पशुवैद्यकातील सर्वांत नावाजलेली भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था बरेलीजवळ इज्जतनगरला, म्हणजे लखनौपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. पोटदुखीने तडफडणारा घोडा इतक्या लांब न्यायचा कसा आणि त्याला न्यायला गाडी परवडणार कोणाला? म्हणून बहुतेक घोड्यांचा निकाल त्यांच्या ठाणावरच लागतो. पहिल्या काही तासांत मालक काय करतो आणि काय करत नाही, यावर तो अवलंबून असतो.

संख्या घटली, गरज नाही

देशातील घोडे झपाट्याने कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टू मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होते. २०१९ च्या गणनेत ते जेमतेम ३ लाख ४० हजार भरले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे! गाढवांची आणि खेचरांची घट तर याहूनही अधिक आहे. रिक्षा, छोटे टेम्पो आणि ट्रॅक्टर यांनी त्यांची जागा घेतली.

मग उरलेल्या घोड्यांची चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. पण उरलेले घोडे कुणाकडे आहेत ते पाहावे. ज्याला टेम्पो घेणे जमले तो घोडा विकून मोकळा झाला. ज्याला जमले नाही त्याच्याकडेच घोडा राहिला. म्हणजे आजचा कष्टाचा घोडा बहुधा गावातल्या सर्वांत गरीब घरातला कमावता सदस्य असतो. तो दोन दिवस उभा राहिला तर घरात येणारा पैसा थांबतो, पण त्याच्या चंदीचा खर्च थांबत नाही. तो दगावला तर दुसरा घेण्यासाठी कर्ज काढावे लागते आणि ते कर्ज पुष्कळदा भट्टीच्या मालकाकडूनच मिळते. घोड्याच्या पोटाचा प्रश्न असा माणसांच्या पोटाशी येऊन भिडतो.

आपल्या महाराष्ट्रातही हे चित्र अनोळखी नाही. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने तिथली कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांवर जगत आली आहेत. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणारी यात्रा आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आजही घोडेबाजारासाठी ओळखली जाते. मुंबईतल्या व्हिक्टोरिया मात्र २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर इतिहासजमा झाल्या.

निसर्गाने केलेली अवघड रचना

घोडा दिसायला बळकट. माणसाने यंत्राची ताकदसुद्धा त्याच्याच नावाने मोजली. पण त्याचे पोट मात्र अत्यंत नाजूक! ते तसे का, हे समजून घेण्यासारखे आहे.

गायीला चार कप्प्यांचे पोट असते. ती खाल्लेले वर आणून पुन्हा चघळते. घोड्याचे जठर एकच आणि देहाच्या मानाने अगदी लहान, मोठ्या घोड्याचेसुद्धा ८ ते १५ लिटरचे. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट की घोड्याला ओकता येत नाही. माणसाला काही बाधले तर उलटी होऊन सुटका होते. घोड्याला ती वाटच नाही. आत गेलेले पुढेच सरकले पाहिजे. वायू धरला, वाट अडली, तर जठर फुटूसुद्धा शकते.

त्यापुढे वीसेक मीटर लांबीचे लहान आतडे आणि मग खरा कारखाना. अंधांत्र आणि मोठे आतडे मिळून शंभर लिटरच्या आसपास मावेल एवढी ती टाकी असते. गवतातील चिवट तंतू घोडा स्वतः पचवू शकत नाही. ते काम या टाकीत राहणारे अब्जावधी सूक्ष्म जीव करतात. गवत आंबवून ते घोड्याला ऊर्जा देतात. म्हणजे घोडा स्वतः खातो त्यापेक्षा आपल्या पोटातल्या जिवाणूंना खाऊ घालतो, असे म्हटले तरी चालेल. हे जिवाणू सुखात तर घोडा सुखात.

एवढे लांब आतडे पोटात घड्या घालून बसवलेले असते. एका ठिकाणी त्याला तीव्र वळण असून तिथेच ते अरुंद होते. पाणी कमी पडले, चारा कोरडा आणि जाडाभरडा असला की तिथे बोळा अडकतो. आतडे पिळले गेले तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणूनच घोड्याची पोटदुखी हे साधे दुखणे मानत नाहीत. उत्तरेकडे तिला 'कुरकुरी' म्हणतात, आपण पोटशूळ म्हणतो.

कळ वेगळी, संसर्ग वेगळा

येथेच पहिली आणि सर्वांत मोठी चूक होते. घोडा जमिनीवर लोळू लागला, कुशीकडे वळून पाहू लागला, पाय आपटू लागला की 'पोटात जंतू झाले' असे समजून इंजेक्शन दिले जाते. पण पोटशुळाची बहुतेक कारणे म्हणजे वायू, आतड्याचा मुरडा, चाऱ्याचा अडकलेला बोळा, पोटात साठलेली वाळू. जंतू मारण्याच्या औषधाचा यांवर काडीचाही उपयोग नाही. तेथे हवे पाणी, वेदनाशामक, नाकातून जठरात घातलेली नळी आणि कधीकधी शस्त्रक्रिया.

खरा संसर्ग वेगळा असतो. पोटातील सर्व अवयवांवर एक पातळ, गुळगुळीत आवरण असते. त्याला उदरावरण म्हणतात. त्याच्या पोकळीत जंतू शिरले की तिथे दाह होतो आणि पू धरतो. ही अवस्था घोड्याच्या जिवावर बेतणारी. जंतू तिथे पोचण्याच्या वाटा अनेक आहेत. खिळा, तार किंवा शिंग पोटात घुसणे. आतड्याला छिद्र पडणे. अस्वच्छ हत्याराने केलेले खच्चीकरण. विताना घोडीच्या गर्भाशयाला पडलेली चीर. आतड्यातील जंतांच्या अळ्यांनी रक्तवाहिन्यांना केलेली इजा. काही वेळा गळ्याखाली गाठी येऊन फुटणाऱ्या 'स्ट्रँगल्स' या रोगाचे जंतू पोटात उतरतात आणि महिनोन्‌महिने तिथे गळू धरून बसतात. लहान शिंगरांमध्ये मातीत राहणारा 'ऱ्होडोकॉकस' नावाचा जंतू फुप्फुसात आणि पोटात अशीच गळवे करतो.

अशा घोड्याचे वागणेही वेगळे. तो धडपडत लोळत नाही, उलट मलूल होतो. चंदीकडे पाठ फिरवतो, मान खाली घालून उभा राहतो, पोट आवळून जपून चालतो. अंगात ताप असतो. गळू असेल तर आठवडे-महिने हळूहळू खंगत जातो आणि मालक म्हणतो, 'वय झाले त्याचे.'

निदान पक्के करण्याचा एक मार्ग आहे. पोटाच्या खालच्या भागी केस काढून, जागा स्वच्छ करून पशुवैद्य एक सुई आत घालतात आणि उदरपोकळीतील थोडा द्रव काढतात. निरोगी घोड्याचा हा द्रव फिकट पिवळा आणि इतका स्वच्छ की त्यातून पलीकडची छापील अक्षरे वाचता यावीत. संसर्ग असेल तर तो गढूळ, कधी लालसर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील पांढऱ्या पेशी मोजतात. निरोगी द्रवात दर घन मिलिमीटरला त्या साधारण पाच हजारांच्या आत असतात, तर दाह झाला असता दहा हजारांच्या वर, काही वेळा लाखाच्याही पुढे जातात. द्रवात चाऱ्याचे कण दिसले तर मात्र आतडे फुटले असे समजावे. मग जगातले कोणतेही औषध त्याला वाचवू शकत नाही. जनावराचे हाल थांबवणे एवढेच हाती राहते.

तीन औषधांची फळी

आतडे शाबूत आहे आणि पोटात संसर्ग आहे असे ठरले की प्रतिजैविकांचे खरे काम सुरू होते. पोटात एकाच जातीचे जंतू सहसा नसतात. काहींना हवा लागते, काही हवेवाचून वाढतात. म्हणून पशुवैद्य बहुधा तीन औषधांची फळी उभारतात आणि गंमत म्हणजे ही तिन्ही नावे आपल्या घरांतही परिचित आहेत.

पहिले पेनिसिलिन. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीत सापडलेले हे औषध घोड्याच्या अनेक जंतूंवर आजही गुणकारी ठरते. दुसरे जेंटामायसिन. डोळ्यांत आणि कानांत घालायच्या थेंबांमुळे ते आपल्याला ठाऊक आहे. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या, आतड्यात राहणाऱ्या जंतूंचा ते समाचार घेते. तिसरे मेट्रोनिडाझोल. आव पडली की डॉक्टर ज्या कडू गोळ्या देतात त्याच या. हवेवाचून वाढणाऱ्या जंतूंवर त्यांचा मारा चालतो.

औषधे ओळखीची असली तरी त्यांचे प्रमाण पाहिले की डोळे विस्फारतात. पशुवैद्यकाच्या ग्रंथांत पेनिसिलिनचे प्रमाण घोड्याच्या दर किलो वजनाला साधारण २२ हजार युनिट, दिवसातून दोनदा, असे दिलेले असते. तीनशे किलोच्या तट्टाला म्हणजे एका वेळी ६६ लाख युनिट आणि दिवसाला १ कोटी ३२ लाख! हृदयाच्या झडपा बिघडवणाऱ्या सांधेतापाच्या माणसाला तीन-चार आठवड्यांतून एकदा देतात ते दीर्घकाळ काम करणारे पेनिसिलिन १२ लाख युनिटचे असते. मेट्रोनिडाझोलचा हिशेब केला तर माणसासाठीच्या चारशे मिलिग्रॅमच्या अकरा-बारा गोळ्या एका वेळी आणि त्याही दिवसातून तीन-चार वेळा. हे एक-दोन दिवस नव्हे, तर दोन आठवडे, चार आठवडे. गळू असेल तर त्याहूनही अधिक. औषधाच्या दुकानातून आणलेली एखादी कुपी टोचून 'उपचार झाला' म्हणणे किती व्यर्थ आहे, हे यावरून ध्यानात यावे.

नुसत्या प्रतिजैविकांनीही भागत नाही. शिरेतून भरपूर क्षार-पाणी द्यावे लागते. जंतू मरताना जी विषे बाहेर टाकतात त्यांचा परिणाम कमी करण्यासाठी दाहशामक द्यावे लागते. काही वेळा पोटात नळी बसवून कोमट क्षार-पाण्याने पोकळी धुतात. यातही तारतम्य हवे, कारण जेंटामायसिन मूत्रपिंडाला जड जाते. पाण्यावाचून सुकलेल्या घोड्याला ते आधी टोचले आणि जोडीला वेदनाशामकाचा मारा केला तर पोट बरे होता होता मूत्रपिंडे निकामी व्हायची. आधी पाणी, मग हे औषध, असा क्रम त्यासाठीच असतो.

दुधाळ दिसणारे प्रोकेन पेनिसिलिन स्नायूतच द्यायचे असते. चुकून ते शिरेत गेले तर घोडा काही क्षणांत उधळतो, कोसळतो. जवळच्या माणसालाही इजा होऊ शकते. म्हणून सुई टोचल्यावर आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहण्याचा नियम आहे. घाईत इंजेक्शन देणाऱ्या अर्धवट जाणकाराला तो ठाऊक असेलच असे नाही.

या अंधारात आशेचीही बाजू आहे. 'ॲक्टिनोबॅसिलस' नावाच्या जंतूमुळे होणारा उदरावरणाचा दाह ऑस्ट्रेलियात बऱ्याच घोड्यांत आढळला. वेळेवर ओळखला तर तो साध्या, स्वस्त पेनिसिलिननेही छान बरा होतो, असा तेथील पशुवैद्यांचा अनुभव आहे. पोटाच्या संसर्गाचे नाव ऐकताच घोड्यावर पाणी सोडण्याचे कारण नाही.

औषधच विष होते तेव्हा

आता नाण्याची दुसरी बाजू. घोड्याच्या पोटातले ते अब्जावधी जिवाणू आठवा. त्यांच्या जिवावर त्याचे पचन चालते. प्रतिजैविक हे दुधारी हत्यार आहे. ते शत्रू आणि मित्र असा भेद करत नाही. मित्र जिवाणू मेले की एरवी कोपऱ्यात दबून असलेले घातक जंतू माजतात, विष सोडतात आणि घोड्याला पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. काही तासांत शरीरातील पाणी आटते आणि दोन-तीन दिवसांत घोडा दगावतो.

सर्वच प्रतिजैविकांत हा धोका थोडाफार असतो, पण काही औषधे घोड्यासाठी साक्षात काळ आहेत. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही त्यांतली ठळक नावे. माणसाला, डुकराला, कोंबडीला चालणारी ही औषधे घोड्याला कदापि देऊ नयेत. तोंडावाटे दिलेले पेनिसिलिनच्या कुळातील औषध किंवा मोठ्या घोड्याला दिलेले एरिथ्रोमायसिनही अंगलट येऊ शकते.

हा धोका किती सूक्ष्म असू शकतो याचे एक उदाहरण स्वीडनमध्ये १९९०च्या दशकात दिसले. शिंगरांच्या फुप्फुसातील ऱ्होडोकॉकसवर एरिथ्रोमायसिन आणि रिफाम्पिसिन ही जोडी देत होते. रिफाम्पिसिन म्हणजे क्षयाच्या रुग्णाची लघवी नारिंगी करणारे तेच औषध. शिंगरे बरी होत होती. पण त्यांच्या आया मात्र अचानक जुलाब होऊन मरू लागल्या. त्यांना तर औषध दिलेच नव्हते! शोध घेता कळले की शिंगरांच्या लिदेतून आणि तोंडाला लागलेल्या औषधातून एरिथ्रोमायसिनचा अंश आयांच्या पोटात जात होता. तेवढ्यानेही त्यांच्या पोटातील संतुलन ढासळले होते.

आपल्याकडे आणखी एक धोका दबा धरून असतो, तो कोंबड्यांच्या खाद्यात. त्यात रोगप्रतिबंधक म्हणून 'मोनेन्सिन' नावाचे द्रव्य मिसळलेले असू शकते. कोंबडी ते पचवते, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात. 'स्वस्त मिळाले, प्रथिने भरपूर' म्हणून कोंबडीचे खाद्य तोबऱ्यात घालणे म्हणजे घोड्याला विष चारणे होय.

एका घोड्याचा प्रश्न, साऱ्या गावाचा

अर्धवट औषधाचा एक परिणाम घोड्याच्याही पलीकडे जातो. दोन दिवस इंजेक्शने दिली, घोडा उभा राहिला, पैसे संपले, औषध थांबवले. या दोन दिवसांत कमजोर जंतू मेले आणि चिवट तेवढे उरले. ते लिदेतून जमिनीत, पाण्यात आणि खरारा करणाऱ्याच्या हातांवर येतात. उद्या त्याच घरातील लेकराला जंतूंची बाधा झाली तर तीच औषधे निकामी ठरण्याची भीती असते. पेनिसिलिन, जेंटामायसिन, मेट्रोनिडाझोल, रिफाम्पिसिन ही सगळी माणसाचीही औषधे आहेत, हे विसरून चालणार नाही. याच काळजीने भारताने २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आखला आणि २०१९ मध्ये 'कोलिस्टिन' या माणसांसाठी अखेरचा आधार असलेल्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर बंद केला.

वेदनाशामकांचीही अशीच गोष्ट. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे त्यांची मढी खाणारी गिधाडे मेली, म्हणून २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक यांनाही तीच वाट दाखवण्यात आली.

प्रत्येक संसर्गावर प्रतिजैविक द्यायचेच असते, असेही नाही. नाकातून पू वाहणारा आणि अंगावर गाठी उठवणारा 'ग्लँडर्स' हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरतो. त्यावर उपचार करीत बसायला कायदा परवानगी देत नाही. तशी खात्री झाल्यास घोड्याला वेदनारहित मरण देऊन त्याची विल्हेवाट लावावी लागते आणि मालकाला भरपाईची तरतूद आहे. या रोगासाठी आपल्याकडे १८९९ मध्येच कायदा झाला होता. त्याची जागा २००९ च्या नव्या कायद्याने घेतली. २००६ मध्ये महाराष्ट्रात हा रोग पुन्हा उद्भवला होता, ही आठवण फार जुनी नाही.

नकुलापासून आजपर्यंत

घोड्याच्या वैद्यकाची आपली परंपरा थोर आहे. शालिहोत्र ऋषींचे नाव या शास्त्रालाच मिळाले आणि त्यावरूनच उत्तरेत घोड्याच्या वैद्याला 'सालोतरी' म्हणू लागले. पांडवांपैकी नकुल अश्वविद्येत पारंगत. अज्ञातवासात तो विराटाच्या पागेत घोडे सांभाळत होता. आधुनिक काळात या विद्येची सुरुवातही महाराष्ट्राशी जोडलेली आहे. आज इज्जतनगरला असलेल्या संस्थेचे मूळ १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापना १८८६ ची.

आणखी एक ऋण आहे. साप चावल्यावर दिले जाणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे. आंब्याच्या बागेत काम करताना साप चावलेला मलिहाबादचा मजूर असो की भातखाचरातला कोकणी शेतकरी, त्याचा जीव वाचवण्यात कुठल्या तरी घोड्याचा वाटा असतो.

पहिल्या तासात काय करावे?

घोडा बाळगणाऱ्या प्रत्येक घराने चार गोष्टी शिकून ठेवाव्यात. त्यांना पैसा लागत नाही.

नाडी : जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बोट लावले की नाडी लागते. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असावी. साठच्या वर गेली आणि तशीच राहिली तर धोका समजावा.

ताप : गुदद्वारात घातलेल्या तापमापीत ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट ही सर्वसाधारण मर्यादा आहे. पोटदुखीबरोबर याहून जास्त ताप असेल तर संसर्गाची शंका घ्यावी.

हिरड्या : निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत येतो. गडद लाल, जांभळट किंवा कोरडी हिरडी ही वाईट खूण.

लीद : किती वेळापूर्वी टाकली, कोरडी की पातळ, तिच्यात जंत किंवा वाळू आहे का, हे पाहून ठेवावे. पशुवैद्याला हीच माहिती आधी हवी असते.

मग चारा व चंदी काढून घ्यावी आणि घोड्याला मोकळ्या, मऊ जागेत ठेवावे. पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे. उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रातही फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. बांबूच्या नळीतून किंवा बाटलीतून तोंडात तेल, दारू, काढा ओतू नये. तो फुप्फुसात गेला तर पोटदुखी राहिली बाजूला, न्यूमोनियानेच घोडा जायचा. घरातील माणसांच्या गोळ्या चारू नयेत. वेदनाशामक देऊन घोड्याला शांत करून पुन्हा गाडीला जुंपणे, हा तर सर्वांत वाईट उपाय. कारण वेदना दबते, पण आजार आत वाढतच राहतो.

स्वस्तातले औषध

पोटाच्या संसर्गावर महिनाभर औषध देण्याची ऐपत ज्या घरात नाही, त्याच घरात तो टाळण्याची गरज जास्त. टाळण्याचे उपाय मात्र आवाक्यातले आहेत. घोड्याला दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात कामावर असेल तर त्याहूनही अधिक. भट्टीवर किंवा रस्त्याच्या कडेला दर दोन-तीन तासांनी स्वच्छ पाणी दाखवले तर अडकलेल्या बोळ्याची निम्मी प्रकरणे घडणारच नाहीत. चंदी एकदम न देता थोडीथोडी, दिवसातून तीन-चार वेळा द्यावी आणि नवा चारा हळूहळू बदलावा. वैरण वाळूत वा मातीत न टाकता गव्हाणीत टाकावी. उकिरड्यावर चरू देऊ नये, प्लास्टिकची पिशवी पोटात गेली की परत येत नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने लीद तपासून जंतांचे औषध द्यावे. दात धारदार होऊन टोचू लागले तर घोडा नीट चावत नाही, म्हणून ते वर्षातून एकदा पाहून घ्यावेत. खच्चीकरण जाणकाराकडूनच, स्वच्छ हत्याराने करावे. धनुर्वाताची लस चुकवू नये, कारण घोड्याइतका धनुर्वाताला लवकर बळी पडणारा पाळीव प्राणी दुसरा नाही.

मलिहाबादच्या बागाईतदारांचा एक जुना अनुभव इथे आठवतो. भट्ट्यांच्या धुराने दशहरीचे टोक काळे पडते. फळ एकदा काळवंडले की कोणत्याही फवारणीने पूर्ववत होत नाही. त्यामुळे आधीच बोरॅक्सची फवारणी करावी लागते आणि भट्टी बागेपासून दूर हवी, हा आग्रह धरावा लागतो. त्याच भट्टीवर राबणाऱ्या घोड्यालाही हाच नियम लागू आहे. आतडे फुटल्यावर पेनिसिलिनची कोटी युनिटेही कामाला येत नाहीत. वेळेवर दाखवलेली पाण्याची बादली, वेळेवर मोजलेली नाडी आणि वेळेवर बोलावलेला पशुवैद्य मात्र एका कुटुंबाची रोजीरोटी वाचवू शकतो.